सुकट करावं की सुके बोंबील?

लातूरला खोली घेऊन शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं परवा फोनवर विचारलं, "मामा, समुद्रकाकडी घरी करता येती का?" चिनी स्वयंपाकाचा व्हिडिओ बघितला होता त्यानं. वाळलेला जीव दोन-तीन दिवस पाण्यात ठेवायचा, पोट चिरून आतलं काढायचं, उकळायचा आणि परत गार पाण्यात टाकायचा, की चांगला फुगतो. त्याला सांगितलं, आपल्याकडे हे करायचं नाही. समुद्रकाकडी ही भाजी नव्हे. समुद्राच्या तळाचा गाळ खाऊन तो तळ स्वच्छ ठेवणारा हा प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं भारतात त्याला २००१ पासून संरक्षण आहे, त्यामुळे पकडणं-विकणं गुन्हा ठरतो.

पण वाळलेलं आणून, साफ करून, भिजवून शिजवायची त्याची हौस खरी होती. ती भागवायला आपला आठवडी बाजार आहेच. मराठवाड्याला समुद्र नाही, तरी सुकट आणि बोंबील पिढ्यान् पिढ्या आपल्या भाकरीसोबत आहेत. त्याचा पुढचा प्रश्न तोच होता: दोन्हींतलं आधी काय करू?

फरक साफ करण्यापासूनच सुरू होतो. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, बोटाच्या पेरापेक्षाही लहान कोळंबी. ती बहुधा जमिनीवर पसरून वाळवतात, म्हणून रेती येतेच. आधी चाळणीनं चाळायचं, मग ताटात पसरून काड्या, शिंपल्यांचे तुकडे वेचायचे. त्यानंतर कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायचं, वास खमंग झाला आणि चिमटीत कुरकुरीत मोडलं की उतरवायचं. भाजल्यावर परत एकदा चाळलं तर मिशा आणि बारीक पाय गळून पडतात. शेवटी पाण्यातून दोनदा पटकन काढून पिळून घ्यायचं. भिजत घालायचं नाही. मी पहिल्या वेळी तासभर पाण्यात ठेवलं होतं. चव सगळी पाण्यात गेली आणि कढईत नुसता लगदा उरला. आईनं ते ताटात घेतलं, पण दुसऱ्या दिवशी शेजारी बसवून परत करायला लावलं.

बोंबलाचं उलटं आहे, त्याला पाणी लागतं. ताज्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं. वसई, सातपाटीकडे कोळी लोक दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या मांडवावर टांगतात. तिथं तो उन्हावाऱ्यानं वाळून काडीसारखा होतो. हे बहुधा मिठाशिवाय वाळवतात, म्हणून रश्श्यात मीठ नेहमीसारखं घाला. सुकट मात्र कधी खारट निघतं, आधी दाणा चाखून बघा. बोंबलाचं डोकं, शेपूट, पर कात्रीनं कापा, दोन-दोन बोटांचे तुकडे करा, तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा आणि गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. मग अंगठ्यानं चोळून धुवा. मधला काटा तेव्हा सैल होतो. घरात लहान लेकरं असतील तर तो काढूनच टाका.

आता करायचं काय, तर सुकटाचं कोरड्यास, म्हणजे भाकरीला तोंडीलावणं. तेलात भरपूर कांदा, लसूण, हिरवी मिरची, त्यावर सुकट, वरून शेंगदाण्याचा कूट आणि कोथिंबीर. उन्हाळ्यात कैरीच्या फोडी टाकल्या की ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरं काही मागावंसं वाटत नाही. साफसफाई झाली की पंधरा-वीस मिनिटांत ताट तयार. बोंबलाचा खरा मान रश्श्याला. काळा मसाला, भाजलेलं खोबरं, दाटपणाला चमचाभर येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाला घातलेलं पीठ), आंबटाला चिंचेचा कोळ, आणि सोबत वांगं. वांगं अर्धं शिजल्यावर बोंबील सोडा, नाहीतर तुकडे विरघळतात. चार-पाच माणसांना भाकरी कुस्करून खायची असेल तर सुकट पुरत नाही, तिथं हा रस्साच पाहिजे.

वासाचा विचार दोन्हींत करावा लागतो. भाजताना सुकटाचा वास जोरात सुटतो, पण लवकर जातो. बोंबलाचा भिजवण्याच्या पाण्यातही राहतो. ते पाणी मोरीत न ओतता झाडाला घाला. घरमालक माळकरी असतील तर आधी विचारा, ते नाही म्हणाले तर त्यांच्या घरात करू नका.

कोळंबीनं अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, तर सुकट अजिबात नको. ती कोळंबीच आहे, वाळली म्हणून बाधायची थांबत नाही. बोंबील मासा आहे, पण माशाचाही त्रास असेल तर दोन्ही सोडा.

ताजाच मासा हवा असेल तर पैठणच्या नाथसागराचा राहू, कटला मिळतो. त्यात काटे फार, आणि आणला त्याच दिवशी करावा लागतो. खोलीवर एकट्याला ते झेपत नाही.

भाच्याला मी सुकटच घे म्हणालो. एकच तवा, भिजवायची कटकट नाही, आणि चुकलं तरी नुकसान थोडं. बोंबील मात्र दिवाळीत घरी येशील तेव्हा माझ्यासमोर कर, म्हणजे भाजण्याचा रंग दाखवता येईल. घेताना सुकट गुलाबीसर आणि कोरडं बघ, मुठीत दाबल्यावर चिकटून गोळा झालं तर ओल आहे. काळपट पडलेला किंवा पांढरी बुरशी आलेला बोंबील उचलू नकोस. पावसाळ्यात तर दोन्ही एकदा तव्यावर गरम करून, गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भर.