वर्षावनातल्या प्राण्यांचा कार्ड सेट: काचबेडूक भारी, भाषांतरात मात्र घोळ

भाचीसाठी म्हणून हा सेट मागवला आणि खरं सांगायचं तर गेले दोन दिवस मीच घेऊन बसलोय. विषय म्हणजे रेनफॉरेस्टमधले प्राणी आणि तिथे टिकून राहायच्या त्यांच्या एकेक अजब तऱ्हा. कार्डं तळहाताएवढी, पुढे चित्र, मागे चार-पाच ओळी, कागद चांगला जाड.

सगळ्यात भारी कार्ड काचबेडकाचं. पोटाच्या जागी पारदर्शक प्लास्टिक लावलंय, ते खऱ्या पानावर ठेवलं की पोटातून पान दिसतं, भाचीने घरातल्या प्रत्येक कुंडीवर ठेवून बघितलं. मागे लिहिलंय की हा बेडूक झोपला की जवळजवळ ९० टक्के लाल रक्तपेशी लिव्हरमध्ये नेऊन कोंबतो, त्यामुळे अंगात लाल रंगच फारसा उरत नाही आणि तो दोन-तीन पट जास्त पारदर्शक होतो. हे संशोधन २०२२ चं आहे, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याने नीट वाचून लिहिलंय. पण चित्रवाल्याने तो वाचलेला नाही, कारण त्याने लिव्हर चक्क लालभडक रंगवलंय! अरे बाबा, त्या लिव्हरवर आरशासारखं चकाकणारं आवरण असतं म्हणून तर आतला लाल साठा दिसत नाही, तोच दिसला तर मग लपवलं काय. भाचीचा प्रश्न त्याहून भारी, एवढं रक्त एका जागी गोळा होऊन गोठत कसं नाही? म्हटलं बाईसाहेब, शास्त्रज्ञही तेच शोधतायत.

आता घोळ. मराठी करणाऱ्याने स्लॉथचं (झाडावर उलटा लटकणारा, अगदी संथ चालीचा प्राणी) सरळ 'अस्वल' करून टाकलंय. तो अस्वल नाहीये हो, मुंगीखाऊचा नातेवाईक आहे. बाकी त्या कार्डावरची माहिती बरोबर आहे, केसांत हिरवं शेवाळ वाढतं, त्यातच पतंग राहतात, आणि आठवड्यातून एकदा शी करायला झाडावरून खाली उतरतो (हे वाचून भाची दहा मिनिटं हसत होती), पण 'अस्वल उलटं लटकून झोपतं' असं वाचल्यावर पोरांच्या डोक्यात काय बसणार?

शॅमेलिऑनच्या (रंग बदलणाऱ्या सरड्याच्या) कार्डावर तीच जुनी थाप, मागे जो रंग असेल तोच रंग घेतो म्हणे. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर २०१५ साली काम झालंय, त्यात दिसलं की कातडीतल्या अगदी बारीक स्फटिकांमधलं अंतर बदलतं आणि त्याने रंग बदलतो, आणि तेही दुसरा नर समोर आला की गडी तापतो म्हणून. लपण्यासाठी नाही, मिरवण्यासाठी. एवढी मस्त गोष्ट सोडून दिली.

पाण्यावर पळणारा बॅसिलिस्क सरडा, बरगड्या पसरून तरंगत जाणारा उडता सरडा, ही कार्डं ठीकठाक. विषारी बेडकाचं मात्र आवडलं, विष तो स्वतः बनवत नाही, खाल्लेल्या मुंग्या-किड्यांतून गोळा करतो, म्हणून माणसाने पाळलेल्या बेडकांत ते नसतं, हे दोन ओळींत छान बसवलंय.

पाचपैकी साडेतीन. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना देऊ शकता, फक्त आधी स्वतः एकदा वाचून घ्या आणि हाताशी पेन ठेवा, आमच्याकडच्या 'अस्वला'वर मी काट मारून स्लॉथ लिहिलंय आणि भाचीने खाली स्वतःची सही केलीय.