तालुक्याच्या रुग्णालयातील अपघात विभाग: एक अभिप्राय

कापसाने भरलेल्या बंडीवरून पडून छातीला मुका मार लागलेल्या माझ्या मोठ्या भावाला आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या खाजगी रुग्णालयात नेले, तेव्हा त्याच्या मानेवर व गालांवर सूज चढत होती आणि ती दाबताच बोटांखाली पापड मोडल्यासारखी करकर जाणवत होती. अशी सूज आपल्याकडे बहुधा लेप लावून अंगावरच काढली जाते. येथील डॉक्टरांनी मात्र हाताने तपासूनच, तुटलेल्या बरगडीने फुप्फुसाला इजा होऊन हवा त्वचेखाली शिरल्याचे ओळखले, एक्स-रेवरून फुप्फुसाभोवतीही हवा साठल्याची खात्री केली आणि जागा बधिर करून बरगड्यांमधून नळी घातली. तिचे दुसरे टोक बाटलीतील पाण्यात बुडालेले असल्याने हवा बाहेर पडते, परंतु आत परतत नाही. त्वचेखालची हवा बहुतेक वेळा शरीर स्वतःच शोषून घेते, हेही त्यांनी शांतपणे समजावले. बाटली छातीच्या पातळीखालीच राहावी, याबाबत परिचारिका काटेकोर होत्या (ही सूचना भिंतीवर लिहिली असती, तर बरे झाले असते). सी.टी. स्कॅनसाठी मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, ही खरी उणीव आहे. बिल तपशीलवार मिळाले.