कार्निव्हल बघायचाय की इंत्रुज?

दरवर्षी जानेवारी संपता संपता एखादा तरी मित्र विचारतो, "कार्निव्हलला गोव्याला निघालोय, उतरू कुठं?" मी उलट विचारतो, कार्निव्हल बघायचाय की इंत्रुज? तो गोंधळतो, कारण इंत्रुज हे कार्निव्हलचंच कोकणी नाव, त्याच्या लेखी दोन्ही एकच. आहेतही. पण पणजीत हॉटेल घेणारा आणि सासष्टीतल्या एखाद्या गावात खोली घेणारा परतल्यावर जे सांगतील, ते दोन वेगळ्या सणांचं वर्णन वाटेल. (सासष्टी म्हणजे मडगावचा तालुका. मुंबईची साष्टी वेगळी.)

आधी तारखेचं उरकू. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो, कोकणीत त्याला कोरेज्म म्हणतात. रविवार त्यात धरत नाहीत, म्हणून ईस्टरपासून ४६ दिवस मागे मोजले की राखेचा बुधवार येतो. त्याच्या आधीचे शनिवार ते मंगळवार हे आपले चार दिवस. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे ६ ते ९ फेब्रुवारी. पुढं मांसावर बंधनं येणार, तेव्हा आधीच हात मारून घ्या, असा सगळा मामला. गटारी करणाऱ्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. इंत्रुज हा शब्द पोर्तुगीज 'एन्त्रुदू'वरून आला आणि त्याचं मूळ 'प्रवेश' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. उपवासकाळाच्या उंबरठ्यावरचा सण, म्हणून हे नाव.

आता पणजी. शनिवारी दुपारी किंग मोमोची मिरवणूक निघते. हा चार दिवसांचा राजा फर्मान काढतो, "खा, पिये आनी मजा कर." मागून चित्ररथ येतात. पाव विकणारा पोदेर, माडावर चढणारा रेंदेर, मासे विकणाऱ्या बायका असे जुन्या गोव्याचे देखावे, त्यांच्यामागं मुखवटे घातलेली पोरं आणि मधेच कुठल्यातरी कंपनीची सरळसरळ जाहिरात. रविवारी हीच वरात मडगावात, सोमवारी वास्कोत, मंगळवारी म्हापशात. एक हुकली तर दुसरी सापडते, ही मोठी सोय.

हे 'पाचशे वर्षांपासून असंच चाललंय' असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. चित्ररथांची मिरवणूक गोवा मुक्तीनंतरची, १९६५ ची. तिमोतियो फर्नांडिस या संगीतकारानं पुढाकार घेतला आणि पहिला किंग मोमोही तोच झाला. नजर ब्राझीलमधल्या रिओच्या कार्निव्हलकडं होती, पुढं पर्यटन खात्याचा हात लागला. चर्चनं तर या मिरवणुकीपासून वेळोवेळी अंतर राखलंय. त्यामुळं ती वाईट ठरत नाही. पण तिथं तुम्ही प्रेक्षक असता, कठड्याच्या अलीकडं, मोबाइल वर धरून. दोन चित्ररथांमध्ये कधी कधी इतका वेळ जातो की आइस्क्रीमवाल्याचा धंदा तेवढ्यात होऊन जातो. ऊनही बोचरं असतं, टोपी न्याच.

मुक्तीपूर्वीचा सण अंगावर येणारा होता. एकमेकांवर पाणी, पीठ आणि 'कोकोत' म्हणजे कागदात बांधलेल्या पिठाच्या-भुशाच्या पुड्या फेकायच्या. मुखवटे चढवून ओळखीच्यांच्या घरात अचानक घुसायचं आणि तिथंच नाच सुरू करायचा. याला 'असाल्त' म्हणत, म्हणजे चक्क हल्ला! या प्रकाराचे अवशेष शहरात फार उरले नाहीत. गावात उरलेत.

सासष्टीत या दिवसांत 'खेळ' म्हणजे छोटी विनोदी नाटकं असतात. वाड्यावरची, म्हणजे गावातल्या वस्तीची नाटकमंडळी येते, ट्रम्पेट आणि ढोल वाजायला लागले की लोक खुर्च्या-पाट घेऊन अंगणात गोल करतात. रंगमंच नाही, पडदा नाही. म्हणूनच 'जमनीवयलो खेळ'. एका घरापुढं मी पाहिलेल्या खेळात लुगडं नेसलेली 'सून' चांगली सहा फुटी होती. तिच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उठून दिसत होता आणि पुढ्यातली आजी पदरात तोंड खुपसून हसत होती. बायकांची कामं पुरुषांनी करायची ही जुनी रीत. विनोदाचा मारा भाटकारावर (जमीनदारावर), पंचायतीवर, परदेशी गेलेल्या मुलावर. कोकणी निम्मी कळली तरी पुरते. यातलं बरंचसं आता मंचावर चढून 'खेळ तियात्र' (तियात्र म्हणजे कोकणी रंगमंचावरचं नाटक) झालंय, तेव्हा अंगणातलाच हवा असेल तर घरमालकाला आदल्या दिवशी विचारून ठेवा. वेळापत्रक तुम्हाला कुठं छापलेलं मिळेलच असं नाही.

सोमवारी मात्र चांदर सोडू नका. हे कदंब राजांच्या जुन्या राजधानीचं चंद्रपूर, मडगावपासून साधारण दहा किलोमीटरवर. इथं इंत्रुजात ख्रिस्ती गावकरी मुसळं घेऊन नाचतात. मुसळखेळ म्हणजे राजधानीच्या काळातल्या विजयाची आठवण, असं गावात सांगतात. उपवासाआधीच्या ख्रिस्ती सणात कदंबांच्या नगरीची आठवण जमिनीवर आपटून जागी करायची, हे मला सगळ्या चित्ररथांहून भारी वाटतं.

दिवाडी बेटावर आणखी वेगळं. जुन्या गोव्याहून फेरीबोट पकडायची. तिथले 'पोटेकार' भयानक मुखवटे लावून, अंगावर घंटा बांधून पोरांच्या मागं धावतात. आत कोण आहे हे ओळखू यायचं नाही, यातच गंमत. चार-पाच वर्षांचं लेकरू सोबत असेल तर मात्र विचार करा, रात्रभर रडेल.

मग कुणी कुठं जावं? वयस्कर आई-वडील, लहान मुलं, हाताशी एकच दिवस, तर मडगावची रविवारची मिरवणूक. चौघं मित्र असाल आणि रात्र जागवायची असेल तर मंगळवारी पणजी. क्लब नासियोनालचा लाल-काळा नाच त्या रात्री असतो, नावाप्रमाणे कपडे लाल आणि काळे. बाकी सगळ्यांना मी गावच सांगेन, फक्त स्वतःची गाडी किंवा भाड्याची दुचाकी हवी. संध्याकाळनंतर बसच्या भरवशावर राहू नका. आणि फेब्रुवारीत सुट्टीच नसेल तर फाल्गुनात शिगम्याला जा, चित्ररथ तिथंही असतात.

रिओ किंवा व्हेनिसचं म्हणाल तर खर्च बघा आधी. रिओचं मूळही याच 'एन्त्रुदू'त आहे, पण तिथले सांबा संघ आता १९८४ साली बांधलेल्या सांबाद्रोममध्ये स्पर्धा खेळतात आणि आपण तिकीट काढून गॅलरीत बसतो. व्हेनिसचा मुखवट्यांचा उत्सव तर जवळपास बंदच पडला होता, तो १९७९ मध्ये पुन्हा उभा केला. फोटो मात्र तिथले सुंदर येतात.

गावात जाणार असाल तर पांढरा शर्ट घालू नका. आणि परतीचं तिकीट मंगळवारचं काढू नका, बुधवारचं काढा. सकाळी त्याच अंगणासमोरून जाताना आदल्या दिवशीची 'सून' भेटेल, दाढी केलेली, कपाळावर राखेचा क्रूस, चर्चमधून पायी घरी निघालेली.