निराधारचा पगार खात्यात येतो, मग हातात का येत नाही?

‘आजी, ठसा लागला नाही. हात पुसा, परत लावा.’ ग्राहक सेवा केंद्रावर हे वाक्य दिवसभर ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. आयुष्यभर खुरपणी केलेल्या, भांडी घासलेल्या बोटांच्या रेषा झिजतात, मशीन त्या ओळखत नाही. म्हणूनच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा अंगठा मागितला की कुणाला संशय येत नाही. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या पगारावर, म्हणजे दरमहाच्या अनुदानावर, जो डल्ला पडतो, तो बहुधा या दुसऱ्या आणि तिसऱ्या ठशाच्या वेळी.

आधी यंत्रणा समजून घ्या, कारण ती न समजल्यामुळेच लोक चुकीच्या दारात जाऊन भांडतात. पगार महिना 1,500 रुपये, दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2,500. तो तहसीलमधून रोख मिळत नाही, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. गावात बँक नसते, म्हणून बँकेने नेमलेला माणूस, म्हणजे बँक मित्र किंवा केंद्रचालक, छोट्या मशीनवर अंगठा घेऊन पैसे देतो. या पद्धतीला एईपीएस म्हणतात. यात अंगठा लागला की आजींच्या खात्यातून 1,500 वजा होतात आणि त्याच क्षणी तेवढेच बँक मित्राच्या खात्यात जमा होतात. आजींच्या हातात पडायच्या नोटा असतात त्याच्या गल्ल्यातल्या. तो नोटा देतो की नाही, किती देतो, हे कुठलंही मशीन पाहत नाही. सगळी चोरी होते ती या एका फटीतून.

एकाच अंगठ्याने वेगवेगळी कामं होतात, तीही लक्षात असू द्या. शिल्लक पाहणे, शेवटचे काही व्यवहार पाहणे, पैसे काढणे आणि दुकानदाराला पैसे देणे, म्हणजे ‘आधार पे’. पडद्यावर कोणतं बटण दाबलंय हे समोर बसलेल्याला दिसत नाही. पहिल्या ठशाला शिल्लक बघितली जाते. केंद्रचालकाला कळतं की शासनाने तीन महिन्यांचे 4,500 एकदम टाकलेत. दुसऱ्या ठशाला 3,000 निघतात आणि सांगितलं जातं की ठसा लागला नाही. तिसऱ्याला 1,500 निघतात, ते मोजून हातात दिले जातात. आजी समाधानाने घरी जातात. मागचे हप्ते? ‘वरून आलेच नाहीत.’

थकलेले हप्ते एकत्र जमा होतात तेव्हाच हा प्रकार सर्वाधिक होतो. दर महिन्याला नियमित 1,500 येत असतील तर त्यातून 200 कापणं लगेच डोळ्यावर येतं. तीन महिन्यांचं एकदम आलेलं कुणाच्या हिशेबात नसतं.

दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात पासबुकात काहीच दिसत नाही. ‘केवायसी करायचीय’, ‘हयातीचा दाखला ऑनलाइन करायचाय’ असं सांगून अंगठा घेतला जातो आणि त्या अंगठ्यावर दुसऱ्याच एखाद्या बँकेत नवं डिजिटल खातं उघडलं जातं. मोबाइल नंबर केंद्रचालकाचा किंवा त्याच्या मित्राचा. शासनाचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात, आणि आधार ज्या बँकेशी सगळ्यात शेवटी जोडला गेला त्या बँकेत पडतात. त्यामुळे नवं खातं जोडलं गेलं की जुन्या खात्यात पगार येणं एका महिन्यात थांबतं. कुटुंब तहसीलच्या चकरा मारतं, तिथला बाबू खरंच सांगतो की ‘आमच्याकडून गेलेत’, आणि लोक त्यालाच चोर ठरवून परत येतात. हे फक्त खेड्यातच चालतं असं नाही. 2017 मध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेने सिमच्या आधार पडताळणीच्या आडून लाखो ग्राहकांची खाती त्यांच्या नकळत उघडली होती आणि गॅसचं अनुदान तिकडे वळलं होतं. पुढे मार्च 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला 5 कोटींचा दंड केला.

तपासाला सुरुवात करा पासबुकापासून, आणि ते बँकेच्या शाखेत जाऊनच भरून घ्या. केंद्रावर हाताने लिहून दिलेली शिल्लक म्हणजे पुरावा नव्हे. पासबुकात जमा दिसते आणि पैसे काढल्याची एईपीएस नोंदही दिसते, पण हातात कमी मिळाले, तर हा पहिला प्रकार. अशा वेळी शाखेकडून त्या दिवसाचं वेळेसकट विवरण मागा. एकाच केंद्रावर तीन-चार मिनिटांच्या अंतराने दोनदा पैसे काढलेले दिसले तर तो फार बोलका पुरावा आहे. कोणताही माणूस 3,000 काढून लगेच पुन्हा रांगेत उभा राहून 1,500 काढत नाही. प्रत्येक नोंदीचा 12 आकडी संदर्भ क्रमांक उतरवून घ्या, तक्रार त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. खात्यातून गेले पण मशीन खरंच अडकलं असेल, तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यानंतर उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम. म्हणून ‘नेटवर्कमुळे अडकले असतील’ हे उत्तर पाच दिवसांपेक्षा जास्त ऐकून घेऊ नका.

जमाच दिसत नसेल तर आधार कुठे जोडलाय ते बघा. साध्या फोनवरूनही *99*99*1# लावून आधार क्रमांक टाकला की कळतं, किंवा आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ पाहा. तिथे बँकेचं नाव आणि जोडल्याची तारीख दिसते. बँक ओळखीची नसेल तर तारीख आठवून बघा, त्या दिवशी कुणी, कशासाठी अंगठा घेतला होता. बहुतेकांना ते बरोबर आठवतं. मग आपल्या जुन्या शाखेत आधार जोडणीचा संमती अर्ज भरा, सध्या जोडलेल्या त्या अनोळखी बँकेचं नाव त्यात लिहा, म्हणजे पुढचे हप्ते परत इकडे वळतील. मागचे गेलेले पैसे मात्र या अर्जाने येत नाहीत. त्यासाठी त्या अनोळखी बँकेला लेखी पत्र देऊन खातं उघडतानाची कागदपत्रं, तिथे नोंदलेला मोबाइल नंबर आणि संपूर्ण विवरण मागावं लागतं. शासनाने कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेत किती टाकले हे तहसीलच्या संजय गांधी शाखेकडून माहितीच्या अधिकारात मिळतं. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, उत्तर 30 दिवसांत द्यायचं असतं.

तक्रार करायची ती बँकेकडे, लेखी, आणि पहिल्या तीन कामकाजाच्या दिवसांत. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने ठरवलेलं गणित असं: बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चार ते सात दिवस लागले तर बचत खात्याच्या साध्या, शून्य शिल्लकीच्या प्रकारात जास्तीत जास्त 5,000 पर्यंतची झळ ग्राहकाला. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर. निराधारचे पैसे मुळात 5,000 च्या आतलेच असतात, त्यामुळे चौथा दिवस उजाडला की हा नियम जवळजवळ निरुपयोगी होतो. गरिबांसाठी केलेली सवलत गरिबांनाच उपयोगी पडत नाही, याला काय म्हणावं. पण एक जागा उरते. बँक मित्र हा बँकेने नेमलेला माणूस आहे आणि त्याच्या कृत्याला बँक जबाबदार असते. फसवणूक बँकेच्याच बाजूने झाली असेल तर तक्रार कधी केली याने फरक पडत नाही, ग्राहकाचं नुकसान शून्यच. तेव्हा तक्रारीत ‘अज्ञात इसमाने’ असं न लिहिता ‘आपल्या बँकेच्या अमुक केंद्रावर’ असंच लिहा. एवढ्या एका शब्दाने प्रकरण फिरतं.

शाखेत पहिलं उत्तर ठरलेलं: ‘अंगठा तुमचाच आहे, म्हणजे पैसे तुम्हीच काढले.’ अंगठ्याने माणूस तिथे होता एवढंच सिद्ध होतं, नोटा मिळाल्या हे नाही. आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाप्रमाणे बँकेवर आहे. तेव्हा अर्जात मागा: पावतीची प्रत, केंद्राच्या त्या दिवसाच्या सगळ्या व्यवहारांची यादी आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याची लेखी विनंती. जुन्या चित्रणावर काही दिवसांनी नवं चढतं, म्हणून ही विनंती पहिल्याच अर्जात हवी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. 30 दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. त्याची माहिती 14448 वर मिळते. पोलिसांत जायचं तर फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आणि दुसऱ्याची ओळख वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-क, म्हणजे इंग्रजी ‘सी’, सांगा.

मग इतकी कमी माणसं तक्रार का करतात? कारण बऱ्याच गावांत पगाराचा फॉर्म भरून देणारा एजंट आणि अंगठा घेणारा केंद्रचालक एकच असतो. योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट 21,000 रुपयांची आहे (दिव्यांगांना 50,000). रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये धरला तर 68 दिवस काम केलेली बाई या मर्यादेबाहेर जाते. म्हणजे अट पाळायची तर वर्षातले जवळजवळ तीनशे दिवस घरी बसायचं. हा आकडा इतका अशक्य आहे की खऱ्या गरजूलाही दाखला ‘बसवून’ घ्यावा लागतो, आणि बसवून देणारा ते आयुष्यभर लक्षात ठेवतो. ‘जास्त बोललीस तर तुझं उत्पन्न काढीन, पगार बंद होईल.’ या एका धमकीवर वर्षानुवर्षं कापाकापी चालते. प्रत्यक्षात बँकेतली तक्रार तहसीलकडे जात नाही. बँकेला उत्पन्नाच्या दाखल्याशी देणंघेणं नाही आणि लोकपालालाही नाही.

तक्रार पोचली की केंद्रचालक घरी येतो. ‘कशाला गावात तमाशा, हे घ्या हजार रुपये.’ पैसे मिळत असतील तर घ्यायला हरकत नाही, पण कागदावर सही किंवा मशीनवर अंगठा अजिबात नको. ‘संपूर्ण रक्कम मिळाली’ असं लिहिलेल्या कागदावर अंगठा उठला की लोकपालाकडचं प्रकरण तिथेच मिटतं. आणि ‘तक्रार मागे घ्यायला ठसा लागतो’ हे धादांत खोटं आहे.

वकील लागला तर स्त्रिया, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तो 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत मिळतो, उत्पन्न न पाहता. तालुक्याच्या कोर्टातच समिती असते, फोन 15100. एकाच केंद्राचे चार-पाच बळी एकत्र गेले तर वेगळाच परिणाम होतो, कारण वेळेच्या नोंदी शेजारी ठेवल्या की सगळ्यांच्या पासबुकात तोच नमुना दिसतो.

पुढचं टाळायचं तर अंगठ्याला कुलूप लावता येतं. आधारच्या ॲपमधून किंवा आधार केंद्रात बायोमेट्रिक लॉक होतं. पण त्यासाठी आधारला आपला मोबाइल नंबर जोडलेला हवा. नसेल तर आधार केंद्रावर 75 रुपयांत जोडून मिळतो, दुसरं कागदपत्र लागत नाही. नंबर घरातल्याच माणसाचा द्या, केंद्रचालकाचा नको. आणि एक अडचण आधीच सांगून ठेवतो: कुलूप लावलं की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही. त्या दिवशी निघण्याआधी फोनवरून तात्पुरतं उघडावं लागतं. ज्या घरात तेवढं करणारं कुणी नाही, तिथे शाखेत अर्ज देऊन खात्यावरचं एईपीएस बंद करता येतं का ते विचारा, म्हणजे रेशन चालू राहतं आणि पैसे फक्त शाखेतून निघतात. बसभाडं लागेल, पण पासबुकही त्याच फेरीत भरून होईल.