इंजिन गरम होतं, तिथेच मला कळायला हवं होतं

तुमच्यापैकी कुणी सेकंड हँड बाईक घ्यायला निघाला असाल, त्यातून पहिलीच गाडी असेल, तर निघायच्या आधी हे वाचा. माझे पैसे गेले ते गेले, तुमचे तरी वाचू देत.

पहिल्या गाडीचं एक असतं बघा, ती घ्यायला जाण्याआधीच आपण मनातल्या मनात घेऊन टाकलेली असते. माझंही तेच झालं. १०० सीसीची फोर स्ट्रोक, काळी, टाकीवर लाल पट्टा. ओळखीच्या ओळखीतून पत्ता मिळाला, गेलो तर गाडी धुऊन पुसून दारात उभी. माणूस एकदम गोड, "तू मला धाकट्या भावासारखा, तुला काय फसवणार" वगैरे. मी खाली वाकून बघताना हात इंजिनला लागला तर चटका बसला. तो लगेच म्हणाला, "अरे, आत्ताच पेट्रोल भरून आणली, म्हटलं तू एवढ्या लांबून येतोयस." आणि मला काय वाटलं माहितीये? किती चांगला माणूस आहे! अर्ध्या किकमध्ये गाडी स्टार्ट. झालं, मी खलास.

आता कळतं की गरम इंजिन कसलंही असलं तरी बऱ्याचदा पटकन सुरू होतं. इंजिन झिजलं की कॉम्प्रेशन (पिस्टनचा आतला दाब) कमी होतं, मग थंड असताना चोक ओढून किका मारत बसावं लागतं, शिवाय व्हॉल्व्हचे सील गेले असतील तर रात्रभर ऑइल आत झिरपतं आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळा धूर येतो. तो पहिला खेळ मी पोचायच्या आधीच उरकलेला होता, मला दाखवला तो दुसरा शो.

मीटरवर १८ हजार किलोमीटर. पण फूटरेस्टचं रबर झिजून आतलं लोखंड दिसत होतं आणि ब्रेकच्या पेडलवरची नक्षी घासून पार गुळगुळीत झालेली. हे मी बघितलं होतं हो, बघितलं नाही असं नाही! मनात म्हटलं, जाड बूट घालत असेल. पुढच्या चाकाशी मीटरची केबल जिथे बसते तिथला नट तेवढा चकचकीत, पान्याच्या खुणा पडलेल्या, आजूबाजूला सगळीकडे जुना चिखल वाळलेला. मनात म्हटलं, केबल तुटली असेल, नवीन टाकली असेल. (केबल काढून ठेवली की गाडी कितीही पळवा, आकडा जागचा हलत नाही, हे ज्ञान नंतरचं.) म्हणजे त्या माणसाला खोटं बोलायची फारशी गरजच पडली नाही, त्याची वकिली मीच करत होतो.

टेस्ट राइडला तो माझ्यामागे बसला. हे लक्षात ठेवा. मागे बसून सारखा बोलत होता, इकडे वळ, आता सरळ घे, तुझा जॉब कसा चाललाय, लग्नाचं काय. त्याच्या बडबडीत इंजिनचा आवाज मला ऐकूच आला नाही आणि रस्ता त्याने सांगितला तो सगळा सपाट. एक साधा चढ लागला असता तर दोघांना घेऊन गाडी कशी दमते ते तिथेच कळलं असतं. आता कुणासोबत बाईक बघायला गेलो तर मी एकटाच चालवतो, चढावर नेतो, आणि एक्सलेटर सोडून परत पिळताना आरशात मागचा धूर बघतो.

कागदपत्रांवर भलतंच नाव होतं. "भावाची गाडी आहे, तो बाहेरगावी असतो, आठवड्यात सह्या आणून देतो." मी पूर्ण पैसे देऊन मोकळा. पूर्ण! अर्धे तरी सह्या होईपर्यंत ठेवायचे ना, पण त्या दिवशी मला फक्त चावी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी किक मारायला गेलो तर दगडासारखी जड. कशीबशी सुरू झाली, क्लच पूर्ण दाबून गिअर टाकला तर गाडी तशीच पुढे ओढायला लागली. गरम झाल्यावर ठीक. चार-पाच दिवस असंच चाललं, मग मेकॅनिककडे नेली. त्याने खालचा नट काढला, ऑइल बाहेर यायला वेळच लागत होता, मधासारखं जाड. दोन बोटांत चोळून म्हणाला, "हे इंजिनचं ऑइलच नाही, ९० नंबर ओतलंय." म्हणजे गिअर ऑइल. जाड ऑइलने झिजलेल्या इंजिनची खडखड दबते आणि धूरही काही दिवस कमी दिसतो, पण त्याच ऑइलमध्ये क्लचप्लेटा असतात, त्या थंड असताना चिकटून बसतात.

मग हेड उघडलं. पिस्टनवरचा कार्बन त्याने स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर खाली आकडा उमटलेला, १००. मला वाटलं १०० सीसीचा असेल. तो हसला. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं, झिजला की घासून मोठा करतात आणि मोठा पिस्टन टाकतात, आधी ०.२५ मिलिमीटर, मग ०.५०, ०.७५ आणि शेवटी १.००. हा शेवटचा होता. त्याच्यापुढे घासायला जागाच नाही, नवीन बोअरच घ्यावा लागणार. १८ हजारात गाडी इथवर येत नाही. मीटर किती फिरवलेलं ते देव जाणे.

फोन केला तर आधी "उद्या येतो", मग रिंग वाजत राहिली, मग बंद. कागदावरच्या माणसाला शोधून काढलं तर तो ह्याला ओळखतही नव्हता, भाऊ कसला नि काय, त्याने गाडी कधीच दुसऱ्या कुणाला विकलेली. माणूस सरळ निघाला म्हणून सह्या मिळाल्या. चेसिसवरचा नंबर पण मी तेव्हाच पहिल्यांदा चिंधीने पुसून कागदाशी जुळवला, हात थरथरत होते, जुळला. पैसे देण्याआधी दोन मिनिटांचं काम होतं ते.

नवीन बोअर परवडला नाही, तशीच ऑइल पाजत वापरली आणि शेवटी विकायला काढली. एक कॉलेजचा मुलगा बघायला येणार होता. सकाळी एक चक्कर मारून ठेवावी असं मनात आलं, खोटं कशाला बोलू, चावी हातात घेऊन जिन्यापर्यंत गेलोही होतो. मग नाही नेली. पोराने थंड गाडीला आठ-नऊ किका मारल्या, निळ्या धुरात दोन मिनिटं उभा राहिला, "कळवतो दादा" म्हणाला आणि परत आलाच नाही. नंतर भंगारवाल्यानेच नेली, टाकीवरचा लाल पट्टा तेवढा अजून छान होता.