इसबगोल की जवस : रक्तातली चरबी उतरवायची तर

रिपोर्टात एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १६० च्या पुढं आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २०० च्या वर आलं, डॉक्टर म्हणाले, "तीन महिने खाण्यापिण्यावर बघू, मग गोळीचं ठरवू", की आपल्याकडं दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो, रोज इसबगोल घ्या. दुसरा म्हणतो, बाहेरचं कशाला, आपलं जवस खा. मी दोन्ही केलंय, एकापाठोपाठ एक, तीन-तीन महिने. पहाटे पाऊण तास कॅनॉलच्या कडेनं चालणं दोन्ही वेळेला सारखंच होतं.

जवसाकडं माझा ओढा पहिल्यापासून. आजोबा हरभऱ्याच्या कडेनं जवसाच्या चार ओळी टाकायचे, निळ्या फुलांचा तो पट्टा अजून डोळ्यांपुढं आहे. गुणही आहेच त्यात. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं, आणि मासे न खाणाऱ्या घरात ते दुसरीकडून फारसं मिळत नाही. दाणा अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो, म्हणून भाजून कुटूनच खायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. प्रमाणाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. कोलेस्टेरॉलवर फरक दिसावा तर कुटलेलं जवस रोज साधारण ३० ग्रॅम पोटात जायला हवं. म्हणजे चार मोठे चमचे. आपण ताटात चटणी घेतो ती एक-दीड चमचा, आणि त्यातही तिखट, मीठ, लसूण आलंच.

माझं बिनसलं ते इथंच. चटणी कधी एकटी येत नाही. आमच्याकडं ताटात चटणीचा ढीग करायचा, मधी बोटानं खळगा पाडायचा आणि त्यात करडीचं कच्चं तेल सोडायचं, अशी रीत. चुलीवरून उतरलेली ज्वारीची भाकरी, वरचा पापुद्रा सुटलेला, त्यानं ती तेलातली चटणी उचलायची. एक भाकरी अशीच जाते. मग वरणाला एक लागते, भाजीला एक लागते. ३० ग्रॅमचा हिशोब गाठायचा म्हणून मी चटणी वाढवली, तसं मीठ वाढलं, तेल वाढलं, भाकरी वाढली. बायकोनंच एक दिवस बोलून दाखवलं, "अहो, तुमची ही चटणी सुरू झाल्यापासून पीठ लवकर संपायलंय." मोजून बघितलं तर दिवसाकाठी दीड-दोन भाकरी जास्तीच्या होत होत्या.

तीन महिन्यांनी वजन दीड किलोनं वाढलेलं. एलडीएल १६८ वरून १६१ वर आलं, पण ट्रायग्लिसराइड २१२ चं २२९ झालं. करडीचं तेल काही वाईट नव्हे, तूप-डालड्यापेक्षा ते कोलेस्टेरॉलला बरंच. पण मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि खर्ची न पडणारं पीठ-साखर यकृत शेवटी चरबीतच बदलतं. दोष जवसाचा नाही, मान्य. पण जवस माझ्या पोटात जाणार ते याच ताटातून ना?

नुसता भुगा ताकात घालूनही पाहिला. काही दिवस बरा लागला. तेवढ्यात एप्रिल आला. पारा ४१-४२ ला टेकला की कुटलेल्या जवसाला आठवड्यात खवट वास येतो. दर चार दिवसांनी भाजा, कुटा, डबा धुवा. घरात कुणाकुणाला सांगणार?

इसबगोल आपल्या रानातलं नाही, त्याची मोठी बाजारपेठ तिकडं गुजरातेत, उंझ्याला. आपल्याकडं ते पोट साफ व्हायचं औषध म्हणूनच माहीत, त्यामुळं कोलेस्टेरॉलसाठी घेतो म्हटलं की लोक चमकतात. त्याचं काम समजून घ्यायला सोपं आहे. पाण्यात फुगून त्याची खळ होते, ती आतड्यात पित्ताला धरून बाहेर काढते. नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. रोज १० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन मोठे चमचे घेतलं तर एलडीएल ५ ते १० टक्के उतरतं असं सर्वसाधारण मानलं जातं. सुरुवात एका चमच्यानं करा, नाहीतर पोट फुगतं.

त्रास त्याचाही आहे. पाण्यात टाकलं की लगेच प्यावं लागतं. मधी कुणी दारात आलं आणि पाच मिनिटं गेली, तर पेल्यात चमचा उभा राहतो. पाणी भरपूर हवं. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं. माझी सकाळची थायरॉईडची गोळी असते, म्हणून मी ते रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास घेतो. पण ते सोबत काही आणत नाही, तेल नाही, मीठ नाही. उलट पोट भरल्यासारखं वाटतं आणि एक भाकरी आपोआप राहते. तीन महिन्यांत वजन दोन किलो उतरलं, एलडीएल १४४ वर आलं.

ट्रायग्लिसराइड १६३ झालं, पण त्याचं श्रेय इसबगोलाला देणं बरोबर होणार नाही. त्याच काळात मी दुकानातला चहा सहा कपांवरून दोनावर आणला, तोही अर्धा चमचा साखरेचा. तूप सोडून गोड चहा चालू ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहतो. ट्रायग्लिसराइड वाढलंय म्हणता, तर आधी तो कप बघा, आणि दारू घेत असाल तर ती.

तुमचं शेतात दिवसभर काम असेल, अंग सडपातळ असेल, भाकरी मोजून खायची सवय असेल, तर जवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त मानवेल. बैठं काम असेल, चटणी दिसली की हात थांबत नसेल, तर मला तरी इसबगोलच सुचवावंसं वाटतं. एलडीएल १९० च्या वर असेल, मधुमेह असेल किंवा हृदयविकार होऊन गेला असेल, तर दोन्हीपैकी कशाच्याही भरवशावर गोळी टाळू नका. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, तिथं तीन महिने थांबणं नाहीच.

जवस मी सोडलेलं नाही. हुरड्याच्या दिवसांत शेतावर गेलो की चटणी खातोच, हुरड्याबरोबर तिला तेलही लागत नाही. रात्री घरी आलो की पेला ठरलेला.