रत्नागिरीतील त्वचारोग दवाखाना : डॉक्टर उत्तम, आडोसा अपुरा

आईच्या दोन्ही तळहातांना सहा वर्षांपासून सोरायसिस आहे. पूर्वी गुहागरहून आम्ही तिला ज्या दवाखान्यात नेत होतो, तिथे हात लांबूनच पाहून मलम लिहून दिले जाई आणि दोन मिनिटांत पुढचा रुग्ण आत येई. यंदा मात्र रत्नागिरीतील एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

त्यांनी हातमोजे न घालता आईचे तळहात हातात घेतले, भेगांवरून बोट फिरवले आणि विचारले, "काकू, गणपतीत मोदक कोण वळतं?" आई बराच वेळ गप्प राहिली. एका नातेवाईक बाईंनी तिच्या हातचा मोदक पानात तसाच टाकला, त्या वर्षापासून ती उकड मळायला बसलेलीच नाही, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा कळले. हा आजार स्पर्शाने पसरत नाही हे घरात सर्वांना ठाऊक होते, तरीही तिला हे कोणीच विचारले नव्हते, मीसुद्धा नाही.

मग डॉक्टरांनी गेल्या आठवड्यातील खाज, संकोच, घरकाम, कपडे, नात्यांतील अडचणी यांविषयीचे 10 प्रश्न मराठीतून विचारले. ही प्रश्नावली 1994 साली ब्रिटनमधील कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केली. तिच्यात 30 पैकी 10 च्या वर गुण म्हणजे आजाराने रोजच्या जगण्यावर फार मोठा परिणाम केला आहे, असे मानतात. आईचे गुण 17 आले. चट्टे फक्त तळहातांपुरते असूनही डॉक्टरांनी नुसत्या मलमावर न थांबता पोटात घेण्याचे औषध सुरू केले, त्याचे कारण हा आकडा असल्याचे त्यांनी स्वच्छ सांगितले. बाबा गेल्यानंतर चट्टे वाढले का, झोप लागते का, हेही विचारले आणि "ताण घेऊ नका" एवढ्यावर न भागवता मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली.

तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. तपासणीची जागा आणि बाहेरचा बाक यांच्यामध्ये केवळ एक पडदा आहे आणि कंपाउंडर रुग्णाला नावासह आजाराचा उल्लेख करून मोठ्याने हाक मारतो. इतक्या नाजूक प्रश्नांची उत्तरे अनोळखी माणसांच्या कानांवर पडत असतील, तर आईसारखी बाई निम्मे मनातच ठेवणार. डॉक्टरांना हे सांगितले, त्यांनी लिहून घेतले.

पुढच्या भेटीसाठी आम्ही सकाळची पहिली वेळ मागून घेतली आहे. तेव्हा बाकावर कोणी नसते.